खाणगाळ व्यवस्थापन : गोव्याचे लोहखनिज क्षेत्र

खाणीतून काढलेले धातुक दळून, धुऊन किंवा त्यावर रासायनिक प्रक्रिया करून उपयुक्त खनिज वेगळे केल्यावर पाण्याबरोबर जो बारीक कणांचा गाळ उरतो, त्यास खाणगाळ म्हणतात. खाणींवरील व्यवहारात त्यासाठी ‘टेलिंग’ हा शब्द रूढ आहे. धातुकापर्यंत पोहोचण्यासाठी वरचा खडक व माती काढून जे ढीग (डंप) रचले जातात, ते खाणगाळाहून भिन्न होत. तथापि अतिवृष्टीच्या प्रदेशात दोहोंतील माती एकाच ओहोळातून वाहत असल्याने त्यांचा विचार सहसा एकत्र केला जातो. गाळ साठविणे, त्याचे बांध सुस्थितीत राखणे, निवळलेले पाणी सोडणे व खाण बंद झाल्यानंतर त्या जागेची निगा ठेवणे, या सर्वांचा समावेश खाणगाळ व्यवस्थापनात होतो. गोव्यातील लोहखनिज क्षेत्रात हा प्रश्न विशेष तीव्रतेने उभा राहिला. खाणपट्ट्याची मुदत संपते, पट्टेदार बदलतो, उत्खनन थांबते. गाळ मात्र जागच्या जागी राहतो आणि प्रत्येक पावसाळ्यात त्याची देखभाल करणे भाग पडते, हे तेथील इतिहासावरून दिसून येते.

स्वरूप : धातुक जितके हलक्या प्रतीचे, तितके ते अधिक बारीक करावे लागते व त्या प्रमाणात गाळही अधिक निघतो. विसाव्या शतकाच्या आरंभी ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे फेस-तरण पद्धत व्यवहारात आली व नंतर ती जगभर पसरली. तिच्यामुळे पूर्वी टाकून दिली जाणारी हलकी धातुकेही वापरता येऊ लागली. पण त्याचबरोबर पिठासारख्या बारीक गाळाचे प्रचंड साठे निर्माण झाले. असा गाळ बांध घातलेल्या तलावात सोडतात. जड कण तळाशी बसतात व वरचे पाणी पुन्हा वापरतात किंवा बाहेर सोडतात. तलाव भरत आला म्हणजे बांधाची उंची वाढवितात. ती वाढविताना नवा बांध आधी बसलेल्या गाळावरच उभारला, तर खर्च कमी येतो. परंतु अशा बांधाचा पाया म्हणजे ओला, भुसभुशीत गाळच असतो. कणांमधील पाण्याचा दाब वाढल्यास किंवा भूकंपाचा धक्का बसल्यास गाळाची ताकद एकाएकी नाहीशी होऊन तो द्रवाप्रमाणे वाहू लागतो. या क्रियेस द्रवीभवन म्हणतात. सोन्याच्या व तांब्याच्या गाळात विषारी द्रव्यांचाही धोका असतो. लोहखनिजाच्या गाळात तो तुलनेने कमी असून मुख्य धोका गाळाच्या राशीचा व त्याच्या वहनाचा असतो.

गोव्यातील खाणकाम : पोर्तुगीज राजवटीत १९०६ च्या खाण कायद्यानुसार खाणकामाच्या सवलती बेमुदत दिल्या जात. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या पोलाद उद्योगाकडून मागणी आल्यावर या सवलतींना खरे मोल आले. डिचोली, सत्तरी, सांगे व केपे या तालुक्यांत खाणी वाढल्या. धातुक ट्रकांनी नदीकाठच्या धक्क्यांवर व तेथून बार्जांनी मांडवी आणि जुवारी या नद्यांमार्गे मुरगाव बंदरात नेण्यात येऊ लागले. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यानंतरही या सवलती चालू राहिल्या. १९८७ मध्ये संसदेने कायदा करून त्या रद्द केल्या व त्यांचे रूपांतर पूर्वलक्षी प्रभावाने खाणपट्ट्यांत केले.

गोव्यातील लोहखनिज पट्टित हेमॅटाइट-क्वॉर्टझाइट खडकांतील असून त्यावर जांभ्याचे आवरण आहे. त्याचा बराच भाग भुकटीसारखा व चिकणमातीमिश्रित असल्याने ते धुवावे लागते. धुलाई यंत्रणेत चाळणी, वर्गीकारक व हायड्रोसायक्लोन यांतून निघालेला लाल गाळ तलावात किंवा धातुक संपलेल्या जुन्या खंदकात सोडला जातो. याखेरीज एक टन धातुकामागे साधारणतः अडीच ते तीन टन माती व खडक काढावा लागतो. पट्टे लहान व एकमेकांना लागून असल्याने या ढिगांना पट्ट्यात जागा पुरत नसे; त्यामुळे ते बाहेरच्या जमिनीवर, डोंगरउतारांवर व ओहोळांच्या काठी रचले गेले. काही खंदक समुद्रसपाटीच्याही खाली गेले असून त्यांतील पाणी सतत उपसावे लागे.

गाळ व शेती : गोव्यात वर्षाकाठी सरासरी सु. ३,००० मिमी. पाऊस पडतो व त्याचा बहुतेक भाग चार महिन्यांत येतो. अशा प्रदेशात गाळाचे तलाव व उघडे ढीग हे दर पावसाळ्यात कसोटीस लागतात. खाणपट्ट्याच्या पायथ्याशी भातशेते, कुळागरे व त्यांना पाणी पुरविणारे झरे आहेत. ढीग घसरला किंवा तलाव भरून वाहिला म्हणजे लाल गाळ प्रथम या शेतांत शिरतो. तो वाळल्यावर घट्ट थर धरतो. त्यातून पाणी व हवा मुळांपर्यंत नीट पोहोचत नाही आणि भाताचे पीक खुंटते. पावसाळी पिकाला ‘सरद’ व झऱ्यांच्या पाण्यावरील हिवाळी पिकाला ‘वायंगण’ म्हणतात. सरदीचे नुकसान गाळाने होते, तर खंदकांतील उपशामुळे झरे आटल्याने वायंगण अडचणीत येते. सत्तरीतील पिसुर्ले येथे गाळ साचून शेते पडीक राहिली. डिचोलीतील शिरगाव येथे विहिरी व झरे आटल्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठापुढे गेला.

नुकसान झालेल्या शेतकऱ्यांना खाणमालकांकडून भरपाई देण्याची प्रथा पुढे पडली. तिच्यामुळे त्या हंगामापुरती गरज भागली. तथापि शेतातील थर तसाच राहिला. सलग काही वर्षे नांगर न फिरलेल्या शेताचे बांध ढासळतात, पाट बुजतात व गावाची सामाईक पाणीव्यवस्था मोडते. पिकाची किंमत देऊन ही हानी भरून येत नाही. खाणकाम थांबल्यावर तर भरपाई देणाराही उरला नाही आणि शेत पूर्ववत करण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न अनुत्तरित राहिला.

कायदेशीर तरतुदी : खाणींसाठीचे संरक्षण व विकास नियम अंमलात आणण्याचे काम प्रामुख्याने नागपूर येथे मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोशी (स्थापना १९४८) निगडित आहे. खनिज संरक्षण व विकास नियम, १९८८ यांनुसार वरची माती, टाकाऊ खडक व खाणगाळ वेगवेगळे साठविणे, त्यांतून हानिकारक प्रमाणात माती वाहून जाणार नाही व पूर येणार नाही अशी व्यवस्था करणे बंधनकारक झाले. २००३ मध्ये या नियमांत खाण बंद करण्याची योजना व तिच्यासाठी आर्थिक हमी यांची भर पडली. यांत्रिक पद्धतीच्या मोठ्या खाणींसाठी ही हमी हेक्टरी २५,००० रु. होती, २०१७ च्या नियमांनी ती ३ लाख रु. केली. या वाढीवरून आधीची रक्कम किती अपुरी होती, याची कल्पना येते.

टाकाऊ काय व धातुक काय, ही सीमाही स्थिर राहिली नाही. हेमॅटाइट धातुकातील लोहाच्या प्रमाणाची किमान मर्यादा पूर्वी ५५ टक्के होती. २००९ मध्ये ब्यूरोने ती ४५ टक्क्यांवर आणली. त्याच सुमारास चीनकडून हलक्या प्रतीच्या धातुकालाही मागणी होती. त्यामुळे जुने ढीग उपसून निर्यात होऊ लागले आणि २०१०–११ मध्ये गोव्यातून झालेली निर्यात ५ कोटी टनांच्या घरात गेली. ढिगातून उद्या उत्पन्न मिळेल अशी शक्यता निर्माण झाल्यावर तो कायमचा स्थिर करून त्यावर झाडे लावण्यास पट्टेदार फारसा राजी नसतो. उलट मागणी ओसरल्यावर अर्धवट उपसलेला ढीग पूर्वीपेक्षा अधिक अस्थिर होतो.

खाणबंदी : न्यायमूर्ती शाह आयोगाचा गोव्याविषयीचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेपुढे आला. त्यानंतर राज्य शासनाने व ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खाणकाम थांबविले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात न्यायालयाने सर्व पट्ट्यांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती असे ठरविले. पट्ट्याबाहेर खाणमाती टाकण्याचा पट्टेदारास अधिकार नाही असे म्हटले. वार्षिक उत्खननावर २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतील १० टक्के भाग भावी पिढ्यांसाठी कायम निधीत जमा करण्याचा आदेश दिला. यानंतर नूतनीकरण झालेले ८८ पट्टेही ७ फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने रद्द झाले व १६ मार्चपासून खाणकाम पुन्हा थांबले. डिसेंबर २०२२ पासून पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले आणि २०२४ मध्ये डिचोली पट्ट्यातून उत्खननास पुन्हा आरंभ झाला.

बेकायदा खाणकामास आळा घालण्याच्या दृष्टीने हे निकाल महत्त्वाचे ठरले. गाळाच्या बाबतीत मात्र त्यांतून एक वेगळीच अडचण पुढे आली. योजनाबद्ध रीतीने बंद केलेली खाण आणि एका आदेशाने थांबलेली खाण यांत मोठा फरक असतो. पंप थांबले म्हणजे खंदक पाण्याने भरतात. गटारे उपसली गेली नाहीत, तर पाणी बांधावर येते. लिलावातील पट्टे पूर्वीच्याच खाणींच्या जागी असल्याने जुने खंदक व तलाव नव्या पट्टेदाराच्या हद्दीत येतात. हद्दीबाहेरचे कोट्यवधी टनांचे ढीग मात्र जुन्या वादासह मागे राहतात.

इतर देशांतील अनुभव : खाणगाळाच्या बांधांचे अपघात जगभर घडले आहेत. चिलीत एल कोब्रे येथे मार्च १९६५ च्या भूकंपात तांब्याच्या खाणीचे बांध फुटून दोनशेहून अधिक लोक मरण पावले. वेल्समधील ॲबरफान येथे २१ ऑक्टोबर १९६६ रोजी कोळशाच्या खाणीचा ढीग घसरून १४४ जण दगावले. त्यांत ११६ मुले होती. इटलीतील स्टाव्हा येथे १९ जुलै १९८५ रोजी २६८ लोक प्राणास मुकले. गोव्याच्या दृष्टीने ब्राझीलमधील दोन अपघात विशेष बोधप्रद होत, कारण ते लोहखनिजाच्या गाळाचे आहेत. ५ नोव्हेंबर २०१५ रोजी मारियाना येथील बांध फुटून १९ जण मृत्युमुखी पडले व गाळ दोसी नदीतून अटलांटिक महासागरापर्यंत पोहोचला. २५ जानेवारी २०१९ रोजी ब्रुमाजिन्यो येथील बांध फुटून २७० लोक मरण पावले. या दुसऱ्या तलावात २०१६ पासून नवा गाळ सोडला जात नव्हता. वापर थांबला म्हणजे धोका संपला, ही समजूत या अपघाताने खोटी ठरविली.

यानंतर संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण कार्यक्रम, आंतरराष्ट्रीय खाण व धातू परिषद आणि जबाबदार गुंतवणुकीसाठी काम करणारी संस्था यांच्या पुढाकाराने ऑगस्ट २०२० मध्ये खाणगाळ व्यवस्थापनाचे जागतिक मानक प्रसिद्ध झाले. त्यात १५ तत्त्वे व ७७ अपेक्षा आहेत. प्रत्येक तलावासाठी कंपनीच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी एकाने उत्तरदायी असणे, बांधाचा आराखडा व नोंदी सांभाळणारा अभियंता नेमणे, स्वतंत्र तज्ञांकडून तपासणी करून घेणे आणि पायथ्याच्या लोकांना धोक्याची माहिती देणे, या त्यांतील प्रमुख होत. हे मानक ऐच्छिक आहे.

पुनःस्थापनाचे प्रयत्न : गोव्यात साखळी येथील लोहखनिजाच्या खाणीचे क्षेत्र वनीकरणाने पुन्हा हिरवे करण्यात आले. विदर्भात गुमगाव येथील मँगॅनीज खाणीच्या ढिगांवर नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने साखर कारखान्यांतील प्रेसमड आणि मुळांशी सहजीवन करणारे जीवाणू व कवके यांचा उपयोग करून झाडे वाढविली. ज्या मातीत सेंद्रिय द्रव्य जवळजवळ नव्हते, तेथे हा उपाय यशस्वी झाला. असे प्रयोग योग्य जागी उपकारक आहेत; मात्र वनीकरणाने वरचा थर स्थिर होतो, खोलवरच्या ओल्या गाळाची स्थिती त्यावरून कळत नाही.

भवितव्य : गाळातील पाणी गाळणदाबयंत्राने काढून तो ओलसर मातीच्या स्वरूपात रचणे, जुन्या खंदकांत गाळ भरणे आणि गाळापासून विटा किंवा फरश्या तयार करणे हे उपाय पुढे आले आहेत. पहिल्या पद्धतीत मोठ्या तलावाची गरज राहत नाही. परंतु गोव्याच्या पावसाळ्यात असा ढीग कोरडा राखणे कठीण असते. खंदकात भरलेल्या गाळाला फुटणारा बांध नसतो. मात्र खंदक भूजलपातळीच्या खाली असल्यास भूजलाची पाहणी करावी लागते व तळाशी उरलेले धातुक कायमचे झाकले जाते. विटांसाठी वापरला जाणारा गाळ एकूण साठ्याच्या मानाने अल्पच असतो.

यावरून तंत्राइतकेच महत्त्व जबाबदारीच्या व्यवस्थेला आहे, हे स्पष्ट होते. प्रत्येक तलाव व ढीग यांची सार्वजनिक नोंद, पट्टा रद्द झाला तरी देखभालीसाठी बांधील असलेली यंत्रणा, उत्खनन चालू असतानाच बाजूला काढलेला पुरेसा निधी आणि पायथ्याच्या ग्रामस्थांना पावसाळ्यापूर्वी मिळणारा तपासणीचा अहवाल, या गोष्टी त्यासाठी आवश्यक होत. गोव्यात खाणकाम पुन्हा सुरू झाले असल्याने या व्यवस्थेची उभारणी नव्या पट्ट्यांच्या आरंभीच होणे शक्य आहे. खाणी पुन्हा बंद होतील, तेव्हा त्यासाठी निधीही नसेल व उत्तरदायी पट्टेदारही सापडणार नाही.