रोख्यामागचा हिशेब

१२ मे १८७५. भीमथडी तालुक्यातल्या सुप्याचा बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतले कुणबी त्या दिवशी सावकारांच्या दारात गेले आणि त्यांनी हिशेबाच्या वह्या अन् कर्जरोखे मागितले. हाती आले, की होळी. धान्याची दुकानं लुटली गेली, काही घरंही पेटली. पण जिथे कागद मुकाट्याने मिळाले, तिथे सावकाराच्या अंगाला सहसा हात लागला नाही. हे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरलं. ९५१ जणांना अटक झाली.

राग कागदावरच का? १८५९च्या कायद्याने रोख्यावर दावा लावायची मुदत तीन वर्षांवर आणली होती. व्याज साचत राहू नये, हा त्यामागचा हेतू. घडलं भलतंच. तिसरं वर्ष सरत आलं की सावकार कुळाला बोलावून नवा रोखा करी. जुनं मुद्दल अधिक व्याज हे नवं मुद्दल, आणि त्यावर पुन्हा व्याज. मधल्या काळात खळ्यावरून उचललेल्या धान्याची पावती नाही. निरक्षर कुणबी सहीच्या जागी नांगराची निशाणी करी आणि वर काय लिहिलंय ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. कोर्ट निशाणी पाही, रक्कम वाची आणि हुकूमनामा देई. १०० रुपयांच्या कर्जावर २,००० हून अधिक व्याज लावल्याचं एक प्रकरण या दंग्याच्या सरकारी चौकशी आयोगापुढे आलं. अमेरिकेतलं यादवी युद्ध संपताच कापसाचे भाव पडलेले, त्यात जमिनीच्या फेरपाहणीने शेतसारा वाढवलेला. तरी आयोगाने दोष टाकला तो सावकारावर. सरकारच्या साऱ्यावर सरकारी आयोग कशाला ठपका ठेवील?

या चौकशीतून आला १८७९चा सतरावा कायदा, डेक्कन अ‍ॅग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ अ‍ॅक्ट. सुरुवातीला तो पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर एवढ्या चार जिल्ह्यांपुरता होता. कर्जापायी शेतकऱ्याला दिवाणी तुरुंगात टाकणं बंद झालं. खास गहाण नसलेली जमीन जप्तीतून सुटली. रोखे गावच्या निबंधकासमोर लिहायचे, पावती द्यायची. पण खरी क्रांती बाराव्या कलमात होती: न्यायाधीशाने रोख्यावर न थांबता व्यवहाराच्या पहिल्या दिवसापासूनचा इतिहास तपासायचा. मुद्दल वेगळं, व्याज वेगळं, आणि व्याज मुद्दलात मिळवायचं नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी याच कायद्याखाली विशेष न्यायाधीश म्हणून काम केलं.

पळवाटही लवकरच निघाली. गहाणखताऐवजी सावकार सरळ खरेदीखत करून घेऊ लागले; पैसे फेडलेस तर जमीन परत, हा शब्द फक्त तोंडी. मग कायद्यात कलम १०अ घालावं लागलं: कागद विक्रीचा असला तरी व्यवहार मुळात गहाणाचा होता का, हे कोर्टाने तोंडी पुराव्यावरून तपासावं. माझ्या मते या कायद्यातलं सगळ्यात शहाणं कलम हेच. कर्जमाफीने फक्त थकबाकी पुसली जाते. कागदाची लबाडी पकडायचं बळ तिच्यात नाही.

हा धागा महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी नियमन कायद्यापर्यंत येतो. सावकारीच्या व्यवहारात खरेदीखताने जमीन गेली असेल, तर १५ वर्षांच्या आतल्या व्यवहाराबाबत जिल्हा उपनिबंधकाकडे (सहकारी संस्था) अर्ज करता येतो आणि चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर जमीन परत मिळू शकते. असं खत कुणाच्या घरात असेल, तर त्यावरची तारीख आधी पाहा.