जोडलेल्या हातांची छपरं



मृग लागायच्या आधीचे दिवस आठवा. गावात ज्याच्या त्याच्या घरावर कुणीतरी चढलेलं असतं. कुणी फुटकी कौलं बदलतं, कुणी पत्र्याचे सैल झालेले खिळे ठोकतं. गवतारू घर असेल तर कुजलेलं गवत काढून नवं घातलं जातं. यालाच आपण घर शाकारणं म्हणतो. शाकारणी राहिली की चार महिने घरात गळतीखाली भांडी मांडत फिरावं लागतं, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

मागच्या हिवाळ्यात टीव्हीवर काश्मीरच्या बर्फाच्या बातम्या बघून आपल्या एका श्रोत्या ताईंनी आम्हाला विचारलं होतं, "एवढा बर्फ घरावर पडतो, तर ती घरं दबत कशी नाहीत?" प्रश्न साधा वाटला, पण उत्तर शोधता शोधता आम्ही काश्मीरच्याही पुढे, पार जपानच्या डोंगरात जाऊन पोचलो. तिथली दोन-अडीचशे वर्षांची गोष्ट आज तुम्हाला सांगणार आहोत.

आधी ताईंच्या प्रश्नातली गोम बघू. बर्फ कापसासारखा दिसतो, म्हणून तो हलका वाटतो. ताजा भुसभुशीत बर्फ तसा हलकाच असतो. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच एवढ्या ढिगाचं वजन साधारण १०० किलो भरतं. पण त्यावर आणखी बर्फ पडत गेला, दिवसा थोडा वितळून रात्री पुन्हा गोठला, की तो दबतो. मग तेवढ्याच ढिगाचं वजन ३०० किलोच्या घरात जातं. आता ३० फूट लांब आणि २५ फूट रुंद असं सपाट छप्पर डोळ्यांपुढे आणा. त्यावर कमरेइतका दबलेला बर्फ साचला, तर ते ओझं २० टनांच्या वर जातं. उसाने भरलेला ट्रक घरावर आणून उभा करावा तसं!

दुसरं संकट वळचणीला असतं. घरातल्या उबेने छपरावरचा बर्फ खालून वितळतो. ते पाणी ओघळत वळचणीपर्यंत येतं. वळचणीखाली घर नसतं, तिथे ऊब नसते. म्हणून पाणी तिथे पुन्हा गोठतं. आपल्याकडे पागोळ्या गळतात, तिथे पागोळ्यांचे भाले लटकतात. पण खरं नुकसान त्या भाल्यांनी होत नाही. वळचणीला बर्फाचा बांध तयार होतो, मागून येणारं पाणी त्या बांधाला अडतं आणि उलटं फिरून छपराच्या सांध्यांतून घरात शिरतं. वासे कुजतात, भिंती ओल धरतात. बाहेर सगळं गोठलेलं आणि घरात मात्र गळती, अशी तऱ्हा होते.

आता जपानकडे वळू. आपल्याकडे नैऋत्येचा वारा अरबी समुद्रावरून पाणी घेऊन येतो आणि सह्याद्रीला अडून कोकणात कोसळतो. जपानच्या पश्चिम बाजूला हिवाळ्यात असंच घडतं. सायबेरियाचा गार वारा जपानच्या समुद्रावरून येताना बाष्प उचलतो आणि मधल्या डोंगरांना अडतो. फरक एवढाच की तिथे पाण्याऐवजी बर्फ पडतो. जमिनीवर दीड-दोन मीटर बर्फ साचणं हे त्या भागात नवलाचं नाही.

या मुलखातल्या शिओझावा गावात सुझुकी बोकुशी नावाचे एक व्यापारी राहायचे. गावोगावच्या बायका हिवाळाभर घरात बसून जे झिरझिरीत कापड विणायच्या, त्याचा ते व्यापार करत. राजधानीतल्या लोकांना बर्फ म्हणजे गंमत वाटते, आमचे हाल त्यांना कळावेत, म्हणून त्यांनी बर्फाच्या मुलखावर एक पुस्तक लिहिलं. ते छापून यायला काही दशकं गेली. अखेर १८३७ साली त्याचा पहिला भाग निघाला. त्यात ते सांगतात की आमच्याकडे बर्फ झाडत नाहीत, खणतात. माती खणावी तसा खणतात. त्यासाठी लाकडाचं फावडं असतं. छपरावरचा बर्फ खणून खाली टाकला नाही तर घर मोडतं, आणि खाली टाकलेला हलवला नाही तर दार बुजतं. पुन्हा बर्फ पडला की हेच काम पहिल्यापासून. अख्खा हिवाळा याच कामात जातो.

याच बर्फाच्या पट्ट्यात, पण डोंगरात आणखी आत, शोगावा नदीचं खोरं आहे. तिथल्या शिराकावा-गो आणि गोकायामा या भागांतल्या लोकांनी छपराची वेगळीच तऱ्हा काढली. त्यांनी छप्पर सपाट ठेवलं नाही, जवळजवळ ६० अंशांत उभं केलं. दोन्ही पाखी आढ्यावर अशी भेटतात की जणू नमस्काराला जोडलेले हात. या घरांना जपानी भाषेत गाश्शो-झुकुरी म्हणतात. त्याचा अर्थच हात जोडल्यासारखी बांधणी. इतक्या उतारावर बर्फ फार टिकत नाही, आपल्या वजनाने घसरून खाली येतो. गोकायामात बर्फ जास्त ओला आणि जड, म्हणून तिथली छपरं आणखी उभी.

या छपराच्या सांगाड्यात खिळा नाही. वासे आणि आडवी लाकडं गवती दोरखंडांनी आणि कोवळ्या झाडांच्या पिळलेल्या फांद्यांनी बांधतात. मोठ्या वाशांची खालची टोकं पेन्सिलीसारखी निमुळती करून तुळईच्या खाचेत नुसती टेकवतात. वारा आला, एका बाजूला बर्फ जास्त झाला, तर छप्पर थोडं हलतं आणि परत जागेवर येतं. कडक खिळ्याची जोडणी असती तर ती मोडली असती. ओगिमाची गावात बहुतेक घरांची पाखी पूर्वेला आणि पश्चिमेला आहेत. सकाळी एका पाख्याला ऊन मिळतं, दुपारनंतर दुसऱ्याला. त्यामुळे बर्फही वितळतो आणि गवतही वाळतं.

घराच्या मधोमध जमिनीत खणलेली चूल असे. तिच्यातून वर जाणारा धूर वाशांना आणि गवताला लागे. गवत कोरडं राही, कीड लागत नसे, दोऱ्या काळ्याभोर आणि घट्ट होत. आपल्या जुन्या घरांत चुलीवरचे वासे कसे काळे तुकतुकीत असत, तेच हे.

या उंच छपराखाली दोन-तीन माळे निघत. त्या माळ्यांवर रेशमाच्या अळ्या पाळत. चुलीची ऊब वर जाई, ती अळ्यांना मानवे. तुतीचा पाला आणणं, अळ्यांना खाऊ घालणं, त्यांची साफसफाई यात घरच्या बायकांचे हात रात्रंदिवस राबत. जमिनीखालच्या खड्ड्यांत माती, गवत आणि अळ्यांची विष्ठा थरांनी घालून वर्षानुवर्षं कुजवत आणि त्यापासून बंदुकीच्या दारूसाठी लागणारा सोरा काढत. भातशेतीला जागा नसलेल्या त्या डोंगरात छपराखालचं रेशीम आणि जमिनीखालचा सोरा हीच कमाई होती. म्हणजे छप्पर गेलं असतं तर निवारा गेला असताच, शिवाय पोटही गेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. असं छप्पर एकदा बांधून चालत नाही. घसरणारा बर्फ जाताना थोडं गवत उपटून नेतो, ते दर वसंतात दुरुस्त करावं लागतं. आणि ३०-४० वर्षांनी अख्खं पाखं उतरवून नव्याने शाकारावं लागतं. हे काम एका कुटुंबाच्या आवाक्यातलं नाही. उघडं छप्पर पावसात सापडू नये म्हणून ते एक-दोन दिवसांत उरकावं लागतं. त्याला शंभर-दोनशे माणसं लागतात.

ती माणसं मजुरीने येत नसत. आज तुझ्या घरावर मी, उद्या माझ्या घरावर तू. या रीतीला ते युई म्हणतात. युई म्हणजे गाठ, बांधणं. आपल्याकडे पेरणीला, काढणीला सावड करतात किंवा इर्जिक घालतात, तीच ही रीत. खालचा लाकडी सांगाडा सुतार करत, पण छपराची सगळी बांधणी आणि शाकारणी गावाने मिळून करायची. गवताची तयारी कितीतरी आधीपासून चाले. शरद ऋतूत डोंगरातलं गवत कापायचं, वाळवायचं, साठवायचं. शाकारणीच्या दिवशी पुरुष पाख्यावर ओळीने चढत. खालून पेंढ्या पोचवणं आणि एवढ्या माणसांचं खाणंपिणं रांधणं ही बायकांची कामं. उतरवलेलं कुजकं गवतही वाया जात नसे, ते शेताला खत म्हणून जाई.

आणि या सगळ्याची वही असे. कुणाच्या घरून किती माणसं आली, कुणी किती गवत, किती दोर, किती तांदूळ दिले, ते लिहून ठेवत. पुढे त्या घराची पाळी आली की वही बघून तेवढीच मदत परत करायची. ३० वर्षांपूर्वी आजोबांच्या नावाने लिहिलेली मदत नातू फेडत असे.

ही गोष्ट आम्ही नुसती गोड करून सांगणार नाही. जी मदत सगळ्या गावावर अवलंबून असते, ती गाव रोखूही शकतं. जुन्या जपानी खेड्यांत नियम मोडणाऱ्या घराला वाळीत टाकत. आग लागली किंवा घरात मरण आलं एवढ्या दोन वेळा सोडून बाकी कशालाच जायचं नाही, असं त्याचं रूप सांगतात. शाकारणीला कुणी आलं नाही तर त्या घराचं काय होत असेल, विचार करा. आपल्याकडेही वाळीत टाकण्याने घरं उद्ध्वस्त झाली आहेत. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली कायदा करावा लागला तो उगाच नाही. म्हणून वहीत नावं लिहिताना कुणाचं नाव सुटतंय, हेही बघावं लागतं.

विसाव्या शतकात ही घरं भराभर कमी झाली. रेशमाचा धंदा बसला. तरुण मंडळी शहरांत गेली. नदीवर धरणं झाली. १९६१ साली पूर्ण झालेल्या मिबोरो धरणाच्या पाण्याखाली वस्त्या गेल्या. कोयनेकाठच्या सख्यांना यातलं दुःख वेगळं सांगायला नको. उरलेल्यांपैकी अनेकांनी घरं विकली, पाडली किंवा पत्र्याची केली. छप्पर तेवढंच मजबूत होतं, ते शाकारायला हात उरले नव्हते.

तेव्हा ओगिमाचीचे गावकरी एकत्र बसले. १९७१ साली त्यांनी संघटना केली आणि तीन गोष्टी ठरवल्या. घर विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, पाडायचं नाही. १९७६ मध्ये सरकारने गावाला संरक्षण दिलं. १९९५ मध्ये ओगिमाची आणि गोकायामातली दोन गावं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेली. २००१ साली तिथल्या एका फार मोठ्या घराची शाकारणी पुन्हा युईच्या रीतीने झाली, तेव्हा सुमारे ५०० माणसं कामाला आली होती. गवताला आगीचं भय, म्हणून गावभर पाण्याच्या तोफा बसवल्या आहेत. दर शरदात त्या एकदम सोडून तपासतात.

पण बर्फाच्या मुलखातल्या सगळ्याच गावांचं असं झालं नाही. २००५-०६ च्या हिवाळ्यात जपानमध्ये बर्फामुळे १५२ माणसं दगावली. त्यांतली बरीचशी बर्फ हटवताना गेली, आणि त्यांत म्हाताऱ्या माणसांचा भरणा मोठा होता. मुलं शहरात, म्हातारा एकटा, छपरावर बर्फ वाढतोय, मग तो शिडी लावून स्वतःच चढतो आणि घसरतो. म्हणून तिथे आता वारंवार सांगतात, एकट्याने चढू नका, कमरेला दोर बांधा, खाली एक माणूस ठेवा.

तर ताई, तुमच्या प्रश्नाचं आम्हाला सापडलेलं उत्तर असं. घर दबत नाही त्याला उतार कारण आहे, धूर कारण आहे, दोराची गाठ कारण आहे. पण शाकारायला येणारे हात नसतील तर यातलं काहीच पुरत नाही.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण मृग दरवर्षी येतो. आपल्या गटातही एखादी एकटी राहणारी मावशी असेल, मुलगा पुण्या-मुंबईला असलेली एखादी आजी असेल. तिच्या छपरावर कोण चढणार? बचत गटाच्या वहीत आपण पैशाचा हिशेब चोख ठेवतो. यंदा वैशाखाच्या बैठकीत त्याच वहीच्या शेवटच्या पानावर आणखी एक हिशेब मांडून बघा. कुणाचं घर शाकारायचं राहिलंय आणि त्या दिवशी कोणाकोणाच्या घरून हात येतील. ज्या ताईला परत फेडता येणार नाही, तिचं नाव सगळ्यांत वर लिहा.

तुमच्या गावात सावड अजून चालते का, कशी चालते, ते आम्हाला नक्की कळवा.