हृदयनलिका-तंत्राचा इतिहास आणि चिकित्सकाची किरणबाधा

१९२९ मध्ये जर्मनीतील एबर्सवाल्डे येथे वेर्नर फोर्समान या तरुण शल्यचिकित्सकाने स्वतःच्या हाताच्या शिरेतून हृदयापर्यंत नलिका सरकवली आणि क्ष-किरण कक्षात जाऊन तिचे छायाचित्र घेतले. त्या प्रयोगात रुग्ण व चिकित्सक एकच होता. पुढे ते वेगळे झाले. रुग्णाच्या वाट्यास किरण क्वचित, चिकित्सकाच्या वाट्यास मात्र नित्य येऊ लागले. १९७७ मध्ये झ्युरिक येथे आंद्रेआस ग्रुंट्झिग यांनी फुग्याच्या साहाय्याने हृदयधमनी रुंद केली, तेव्हापासून अशा उपचारांची संख्या वाढतच गेली.

चिकित्सकाला होणारी बाधा मुख्यतः थेट झोताची नसते. रुग्णाच्या शरीरातून विखुरलेल्या किरणांची असते. शिशाचा एप्रन धडाचे रक्षण करतो (त्याच्या भाराने पाठ धरते, हे निराळे); डोके व हात उघडेच राहतात. डोळ्यांना शिशायुक्त चष्मा हवा, पण तो दीर्घकाळ ऐच्छिकच मानला गेला. नेत्रभिंगासाठी वार्षिक १५० मिलिसीव्हर्ट ही मर्यादा पुरेशी समजली जाई. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय किरणोत्सार संरक्षण आयोगाने ती पाच वर्षांच्या सरासरीने वार्षिक २० मिलिसीव्हर्टवर आणण्याची शिफारस केली. तेव्हा ज्यांनी जुना नियम काटेकोर पाळला, अशांच्याही भिंगाच्या मागील भागात अपारदर्शकता आढळली, तर तो त्यांचा निष्काळजीपणा म्हणता येणार नाही. यंत्राकडे चिकित्सकाची बहुधा डावी बाजू असते. मेंदूच्या त्याच बाजूच्या अर्बुदांच्या नोंदी चिंताजनक आहेत, मात्र कार्यकारणसंबंध सिद्ध करण्यास त्या अपुऱ्या आहेत.