करड्याचं कूळ

पर्वत पाटिया म्हणजे सुरतेच्या पूर्वेकडचा कापडाचा भाग. साडीवर आता फोटोही छापतात. तो काळा-पांढरा असेल आणि त्यात मोकळं आभाळ असेल, तर करडा रंग सलग न उतरता कधीकधी पट्ट्यापट्ट्यांनी उतरतो. दोष शाईवर जातो. पण पट्टे अनेकदा फाईलमध्येच असतात; ते का, हे करड्याचं कूळ शोधलं की कळतं.

छापखान्याच्या शाईला करडं ठाऊकच नाही. एक तर काळं, नाहीतर कोरा कागद. हाफटोन ब्लॉकनं लहानमोठ्या ठिपक्यांतून डोळ्याला करड्याचा भास करून दिला. ही ब्लॉकची विद्या दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले, आणि ते कलाभवन उभं करणारे त्रिभुवनदास गज्जर सुरतेचे.

संगणकालाही सुरुवातीला करडं ठाऊक नव्हतं. १९५७ साली अमेरिकेत रसेल कर्श यांनी आपल्या तान्ह्या मुलाचा फोटो संगणकात उतरवला. १७६ ठिपके रुंद, तेवढेच उंच. प्रत्येक ठिपका काळा किंवा पांढरा, म्हणजे एकच बिट. करडं हवं म्हणून काळं कुठून धरायचं ती रेघ सरकवत त्यांनी तोच फोटो पुन्हापुन्हा स्कॅन केला आणि ते थर एकत्र केले.

पुढे बिट वाढले. एकेका बिटानं छटा दुप्पट होतात: तीन बिटांत ८, सहात ६४, आठात २५६, चौदात १६,३८४. पण बिट पाठवायला खर्च येई. १९६२ साली लॅरी रॉबर्ट्स यांनी उलटीच युक्ती मांडली: छटा मोजण्याआधी चित्रात मुद्दाम नॉईज मिसळा, पलीकडे तोच वजा करा. एका छटेतून दुसरीत जाणाऱ्या पायऱ्यांच्या कडा विस्कटतात, आणि सहा बिटांचं काम तिनात भागतं. मला या साऱ्या इतिहासात हेच सर्वांत आवडतं, की गुळगुळीतपणा आला तो थोड्या मळातून. फिल्मच्या ग्रेननं हे काम आयतंच केलं होतं.

रंगीत फोटोत लाल, हिरव्या, निळ्याच्या पायऱ्या सहसा एका जागी पडत नाहीत, त्यामुळे झाकल्या जातात. काळ्या-पांढऱ्यात तिन्ही आकडे एकच, म्हणून पायरी उघडी पडते. बघायला २५६ छटा पुरतात, काम करायला नाही. आभाळाच्या वाट्याला त्यातल्या तीसेक आल्या आणि कॉन्ट्रास्ट ताणला, की मधल्या जागा रिकाम्या राहतात. म्हणून रॉ फाईल घ्यावी, सोळा बिटांत काम करावं आणि आठावर अगदी शेवटी उतरावं. आठ बिटांचा जेपीईजी नंतर सोळात नेला तरी गेलेल्या छटा परत येत नाहीत. तिथे थोडा ग्रेन टाकून कडा मोडायच्या, एवढंच हाती उरतं.