मालफंक्शन ५४

३ जून १९८५. अमेरिकेत जॉर्जिया राज्यातल्या मॅरिएटा इथे, एकसष्ट वर्षांची एक बाई कॅन्सरचे किरणोपचार घेत होती. यंत्र सुरू झालं आणि गळ्याच्या हाडापाशी तिला लालभडक चटका बसला. तू मला भाजलंस, असं ती तंत्रज्ञाला म्हणाली. उत्तर मिळालं : शक्य नाही. तिथल्या भौतिकतज्ज्ञाने कंपनीला विचारलं, तर तीन दिवसांनी तिकडूनही तेच उत्तर आलं.

यंत्राचं नाव थेरॅक-२५, बनवणारी कंपनी ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा. जून १९८५ ते जानेवारी १९८७ या काळात अशा सहा घटना घडल्या. आम्ही सॉफ्टवेअरवाले ही गोष्ट कॉलेजात 'रेस कंडिशन'चं उदाहरण म्हणून शिकतो, परीक्षेत लिहितो आणि विसरतो. पेशंट काय म्हणत होते, हे आमच्या नोट्समध्ये नव्हतं.

टेक्ससमधल्या टायलरचा माणूस घ्या. मार्च १९८६, त्याची नववी खेप. म्हणजे नेहमी कसं वाटतं हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ऑपरेटरने चुकून एक्स-रेचा 'एक्स' दाबला, लगेच वर जाऊन इलेक्ट्रॉनचा 'ई' केला. हात सरावलेला, सगळं आठ सेकंदांच्या आत. तेवढ्या वेळात चुंबकं जागेवर येत असत, आणि मधला बदल प्रोग्रामला कळलाच नाही. पडद्यावर आलं 'मालफंक्शन ५४', डोस कमी गेल्याची नोंद. असे संदेश रोजचेच, म्हणून तिने 'पी' दाबून पुढे चालू केलं. आत त्या माणसाच्या पाठीत विजेसारखा झटका बसला होता. तो उठू लागला, तोवर दुसरा हाताला बसला. त्या दिवशी कॅमेऱ्याची वायर काढलेली होती आणि इंटरकॉम बंद. त्याने दार बडवलं, तेव्हा कुठे बाहेर कळलं. ठरलेला डोस १८० रॅड होता; गेला तो नंतरच्या अंदाजाप्रमाणे १६,५०० ते २५,०००. पाच महिन्यांनी तो गेला.

कंपनीच्या मते जास्त डोस अशक्य होता. कदाचित विजेचा शॉक असेल. तपासणीत शॉकचं काही निघालं नाही, आणि ७ एप्रिलला यंत्र पुन्हा सुरू झालं. चार दिवसांनी त्याच यंत्रावर, त्याच ऑपरेटरकडून, दुसरा पेशंट भाजला. तो महिन्याभरातच वारला.

या वेळी तिथला भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर ऑपरेटरला घेऊन कीबोर्डसमोर बसला आणि तेच तेच करत राहिला. 'मालफंक्शन ५४' हवं तेव्हा आणता येऊ लागलं. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या इंजिनिअरचा फोन : आमच्याकडे होत नाही. (हे वाक्य मी दर आठवड्याला तिकिटावर लिहितो.) टायपिंग भरभर करावं लागतं, असं हेगरने सांगितल्यावर त्यांच्याकडेही झालं.

हीच चूक आधीच्या थेरॅक-२० मध्येही होती. पण त्यात सॉफ्टवेअरपासून वेगळी यांत्रिक अडवणूक होती, नव्या यंत्रातून ती काढून टाकलेली. जुन्या यंत्रावर घाईने टाइप केलं, की नुसता फ्यूज उडायचा.