व्हायोलिनचे पहिले धडे : गोव्यातून आणि गळ्यातून

गोव्यात आणि महाराष्ट्रात नवशिक्याच्या हाती व्हायोलिन दोन वेगळ्या वाटांनी आले. एक वाट स्वरलिपीची, दुसरी गळ्याची. पहिली कितीतरी जुनी आहे. पोर्तुगिजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले आणि १५४५ पासून गावोगावच्या चर्चना जोडून शाळा निघू लागल्या. चर्चमधील गायनासाठी मुले तयार करणे हे या शाळांचे एक मुख्य काम होते. शिकवणाऱ्या मेस्त्रेंची शिस्त कडक असे. मुलाने आधी सोल्फेज पक्के करायचे, म्हणजे कागदावरचे स्वर डो, रे, मी असे तालात म्हणत वाचायचे. ते जमल्यावरच वाद्य हाती येई. त्यामुळे गज धरण्याआधीच मुलाला अनोळखी रचना पाहून वाचता येत असे.

या शिक्षणाचे मोल मुंबईत कळले. बोलपट आल्यावर स्टुडिओंना लिहिलेले संगीत पाहताक्षणी वाजवणारे वादक हवे होते, आणि ते मोठ्या संख्येने मिळाले गोव्यातूनच. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांचे वडील चर्चच्या गायकवृंदाचे प्रमुख होते. अँथनी स्वतः नामवंत व्हायोलिनवादक, संयोजक आणि शिक्षक झाले. लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतील प्यारेलाल त्यांचेच शिष्य. हिंदी चित्रपटगीतांत ऐकू येणाऱ्या व्हायोलिनच्या ताफ्याचे मूळ या गावशाळांत आहे, आणि संगीताच्या इतिहासात त्यांना अजून पुरेसा मान मिळालेला नाही.

दुसरी वाट विसाव्या शतकात रुळली. दक्षिणेत बालुस्वामी दीक्षितर (१७८६–१८५९) यांच्यापासून व्हायोलिन कर्नाटक संगीतात मुरले होते. हिंदुस्थानी संगीतात ते रुजवणाऱ्यांत गजाननराव जोशी (१९११–१९८७) अग्रभागी होते. औंधचे गायक अंतूबुवा जोशी हे त्यांचे वडील. गजाननराव स्वतः ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर घराण्यांची तालीम घेतलेले गवई होते, म्हणून त्यांच्या गजातून गायकीच उतरली. वि. गो. जोग आणि दा. के. दातार यांनी हे वाद्य स्वतंत्र मैफलीत मानाने बसवले. आकाशवाणीने १९४० मध्ये हार्मोनियमवर बंदी घातल्यावर गायनाच्या साथीसाठी सारंगी आणि व्हायोलिन यांनाही अधिक वाव मिळाला.

या वाटेवर वाद्य तेच राहिले, पण ते धरण्याची आणि लावण्याची रीत बदलली. पाश्चात्त्य वादक उभा राहून किंवा खुर्चीवर बसून हनुवटीखाली व्हायोलिन दाबतो. हिंदुस्थानी वादक मांडी घालून बसतो, वाद्याचे एक टोक छातीशी किंवा खांद्याशी आणि खुंट्यांकडचा भाग उजव्या पावलावर टेकवतो. वाद्याचा भार असा पेलला गेला की डावा हात तारेवर मोकळा सरकतो. मींड निघण्यासाठी हेच लागते. तारा षड्ज-पंचमात लावतात आणि षड्ज गायकाच्या सोयीने ठरवतात.

शिकवणी सुरू होते ती मोकळ्या तारांवर. गजाला राळ लावायची आणि गज घोडीला समांतर ठेवून टोकापासून टोकापर्यंत संथ ओढायचा. तो तिरका गेला की आवाज खरखरतो. मग पहिले बोट, दुसरे बोट, सरळ सप्तक आणि अलंकार. व्हायोलिनला सतारीसारखे पडदे नसतात, त्यामुळे बोट कुठे पडले हे डोळ्यांना कळत नाही, कानालाच ठरवावे लागते. म्हणून जाणते गुरू प्रत्येक पलटा आधी गाऊन घेतात आणि मग वाजवायला लावतात. नवशिक्याला याहून चांगली रीत नाही. गळ्यात न बसलेला गंधार बोटात सहसा बसत नाही.

पुणे जिल्ह्यातील जुन्नर-आंबेगावच्या खेड्यांत मात्र हे वाद्य शिकवणीतून आले नाही. कुकडीकाठच्या बोरी बुद्रुकसारख्या गावांच्या कानावर भजनातले टाळ-पखवाज आणि नारायणगावच्या तमाशाफडांची ढोलकी-तुणतुणे होती. व्हायोलिन घराघरांत पोचवण्याचे मोठे काम रेडिओने केले. पुणे आकाशवाणी १९५३ मध्ये सुरू झाली आणि १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर तिने ‘गीतरामायण’ ऐकवले. गायक-संगीतकार सुधीर फडके यांना पुढे गीतरामायणाच्या कार्यक्रमांतून दीर्घकाळ साथ करणारे प्रभाकर जोग (१९३२–२०२१) हे गजाननरावांकडेही शिकले होते. लहानपणीच घरची जबाबदारी अंगावर आल्याने ते बाराव्या वर्षापासून पुण्याच्या वाड्यांत सव्वा रुपया आणि नारळ या बिदागीवर वाजवत. पुढे ‘गाणारे व्हायोलिन’ या नावाने त्यांनी भावगीते शब्दांशिवाय वाजवली, तरी ऐकणाऱ्याला शब्द आठवत. गळ्याच्या वाटेचा याहून स्पष्ट पुरावा नको.

आज दोन्ही वाटा खुल्या आहेत. गोव्यात १९५२ मध्ये निघालेल्या संगीत अकादमीचा वारसा कला अकादमीच्या पाश्चात्त्य संगीत विभागाकडे आला आहे, तर अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक परीक्षेपासून पुढच्या पायऱ्यांना व्हायोलिन घेऊन बसता येते.