दिंडोरी, काड्या आणि पन्नास एमएम

बऱ्याच दिवसांनी लिहितोय. मधे दोन रिलीज होते, वीकएंड कुठे गेले कळलंच नाही. असो.

काही वर्षांपूर्वी कंपनीच्या कृपेने सहा महिने बेल्जियममध्ये होतो. भत्ता वाचवायचा आणि जमेल तेवढं हिंडायचं, हा आपल्या लोकांचा ऑनसाईट धर्म मीही पाळला. डब्यात पोळीचा रोल, बाटलीत नळाचं पाणी, गळ्यात सेकंडहँड कॅमेरा आणि त्याला पन्नास एमएमची एकच लेन्स (फोटोग्राफीतली गरिबाची लेन्स!). भल्या सकाळी ब्रुजला उतरायचं, टुरिस्टांच्या बसेस यायच्या आत कालव्यांचे फोटो काढायचे. इतकं शांत गाव, की आपल्याच बुटांचा आवाज ऐकू येतो. आणि प्रत्येक भिंतीवर पाटी: हे अमुक साली बांधलं, इथे तमुक राहायचा.

वॉटर्लूलाही गेलो. तिथे एक मोठ्ठा मातीचा ढिगारा आहे, २२६ पायऱ्या, वर ओतीव लोखंडाचा सिंह. १८१५ च्या लढाईचं हे स्मारक १८२६ साली पुरं झालं. गंमत म्हणजे ढिगाऱ्याची माती रणांगणाचीच! ज्या उंचवट्याच्या आडोशाने वेलिंग्टन लढला, तोच खणून लढाईच्या आठवणीला सिंह बसवला. वरून सगळं छान दिसतं, फक्त जे बघायला आलो ते जरा सपाट झालेलं असतं.

त्या सिंहाखाली उभा असताना डोक्यात किडा आला, की मी नाशिकचा, माझं आजोळ दिंडोरी तालुक्यातलं, तिथेही एक मोठी लढाई झाली होती, आणि मला तिच्याबद्दल शाळेच्या पुस्तकातल्या एका ओळीपलीकडे काहीही माहीत नाही. लाज वाटली, खोटं कशाला बोलू.

तर मागच्या ऑक्टोबरमध्ये मुद्दाम गेलो. नाशिकहून एसटीने दिंडोरी पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे एक कप चहा आणि एक डुलकी. ऑक्टोबर का? कारण लढाईची तारीख १७ ऑक्टोबर १६७०. (इतिहासकारांनी ही तारीख त्या वेळच्या इंग्रजांच्या जुन्या कॅलेंडरप्रमाणे दिलीय. आजच्या कॅलेंडरने ती १० दिवस पुढे जाते. तारखांचे बग तेव्हाही होतेच.)

झालं होतं असं. १६६५ च्या पुरंदरच्या तहात गेलेलं परत घ्यायला महाराजांनी १६७० मध्ये सुरुवात केली. ऑक्टोबरच्या सुरुवातीला सुरत दुसऱ्यांदा लुटली. जदुनाथ सरकार लुटीचा आकडा ६६ लाख रुपये देतात. आता प्रश्न असा, की एवढा माल घेऊन घरी कसं यायचं? वाट बागलाणातून, मग सातमाळेची डोंगररांग ओलांडून नाशिककडे. ही खबर औरंगाबादेत शहजादा मुअज्जमला लागली आणि दाऊदखान कुरेशी वाट अडवायला चांदवडला आला. रात्री हेरांनी सांगितलं की मराठे कांचन-मांचनचा घाट उतरलेसुद्धा. निम्मी फौज माल घेऊन पुढे चाललीय आणि निम्मी मागे वाट धरून उभी आहे.

इथून पुढचं सांगतो भीमसेन सक्सेना. बऱ्हाणपूरचा कायस्थ, वय जेमतेम एकवीस, मोगलांच्या बाजूने लढाईत हजर. त्याने नंतर फारसीत आठवणी लिहिल्या, 'नुस्खा-इ-दिलकुशा'. मला हा माणूस फार आवडला. आपण हरलो हे तो लपवत नाही. आघाडीवर इखलासखान मियाना होता. तो पहाटे टेकाडावर चढला, तर पलीकडे मराठे मांडून उभे. त्याच्या लोकांची चिलखतं उंटांवर, उंट अजून मागे. हा थांबायला तयार नाही, हाती असलेल्या मूठभर लोकांनिशी तुटून पडला, आणि जखमी होऊन घोड्यावरून खाली आला. (डिपेंडन्सी यायच्या आत डिप्लॉय केलं की काय होतं, हे आमच्या टीमला वेगळं सांगायला नको.) दाऊदखान मागून आला खरा, पण मराठ्यांनी अंतर राखून, वेढे देत, दिवसभर झुंजवलं. सभासदाच्या बखरीत महाराज स्वतः चिलखत चढवून, हाती पट्टे घेऊन उभे राहिल्याचं वर्णन आहे. तोवर माल पुढे निघून गेला होता. दाऊदखान उरलेल्या फौजेसह नाशिकला जाऊन महिनाभर बसून राहिला. १६७१ च्या सुरुवातीला साल्हेर स्वराज्यात आला.

आपल्याकडे या लढाईत किती मेले, किती घोडे मिळाले यावरच भर असतो. मला वाटतं, खरी करामत वेळ काढण्यात होती. मागच्यांनी एक दिवस रोखून धरायचं, म्हणजे पुढच्यांना एक दिवस मिळतो. गनिमी काव्यासाठी प्रसिद्ध असलेल्यांनी हे उघड्या मैदानावर केलं, म्हणून ही लढाई मोठी.

आता फोटो कशाचा काढणार? लढाई धावती होती, एक दगड दाखवून 'इथे' म्हणता येत नाही. मी मामांच्या जुन्या मोटरसायकलवर दिंडोरी ते वणी हिंडलो. दोन्ही बाजूंना द्राक्षबागा, आणि त्याही छाटणीनंतरच्या. पान नाही, घड नाही, तारांवर नुसत्या काड्या आणि त्यांना पेस्ट लावत फिरणारी माणसं.

"फोटू कशाचे काढतोस? काड्यांचे?" मामा म्हणाले. "जानेवारीत ये, तेव्हा बागेला रूप असतं."

दुसऱ्या दिवशी रामशेजला गेलो. आशेवाडीपासून चढायला तासभरही लागत नाही. सह्याद्रीतले दिग्गज बघितलेल्यांना हा किल्ला किरकोळच वाटेल. १६८२ मध्ये औरंगजेबाच्या सरदारालाही तसंच वाटलं असणार. पाचेक वर्षं लागली! खाफीखान लिहितो, की गडावर लोखंडी तोफा नव्हत्या, म्हणून किल्लेदाराने लाकडाच्या, चामड्याच्या तोफा करून चालवल्या. बहादूरखानाने तर भुतं वश असल्याचं सांगणाऱ्या एका मांत्रिकाला १०० तोळ्यांचा सोन्याचा साप करून दिला. तो साप हातात धरून बुवा पुढे निघाले, आणि गोफणीचा दगड छातीत बसून आडवे झाले :-) शेवटी किल्ला गेला तो पैसे चारून.

वरून सगळा मुलूख दिसतो. पन्नास एमएममध्ये तो मावत नाही, म्हणून सात-आठ फ्रेम काढून जोडायचं ठरवलं.

संध्याकाळी मामांना फोटो दाखवत होतो. ते एका फ्रेमवर थांबले, झूम कर म्हणाले. सुरत-चेन्नई महामार्गाची आखणी दिंडोरी तालुक्यातून गेली होती, मोबदल्यावरून शेतकऱ्यांचा वाद झाला, आणि मामांच्या शेजारच्या बागेतही मोजणी होऊन गेली होती. साडेतीनशे वर्षांनी पुन्हा सुरतेची वाट, असं काहीतरी मी बोलायला गेलो. मामांचं लक्ष नव्हतं. ते स्क्रीनवर बोट ठेवून बांध मोजत होते.

"ही आपली विहीर. आणि हा बघ, आंबा. तुझ्या आजोबांनी लावलेला." मग जरा वेळाने म्हणाले, "हा मोठा करून आण. फ्रेम करून."

एवढ्या जवळून फोटो फुटलेला होता, पिक्सेल दिसत होते. मी सांगितलं नाही. पुढच्या वीकएंडला परत जातोय, आंब्याजवळून काढायला.